तुमच्या तोंडाकडे मी रोज बघत होते

सुमनताई,

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी मांडवात अगदी मागे बसले होते, चपलांजवळ. तुमच्या प्रज्ञाने दोनदा येऊन सांगितलं, "मॅडम, आई तुमच्याबद्दल लई बोलायची. पुढं बसा की." मी मान हलवली आणि तिथंच बसून राहिले. वंदना झाली. लोक एकेक करून बोलायला उठले. तुमच्या वस्तीतल्या एक बाई म्हणाल्या, "सुमन कुणाच्या बी घरात शिरून 'आ कर बघू' म्हणायची आन् समोरचं माणूस खरंच तोंड उघडायचं." सगळे हसले. मीही हसले. मग कुणीतरी माझं नाव घेतलं. मी उठले आणि दोन शब्द बोलले. काय बोलले ते आता नीट आठवत नाही, पण जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही. ते आज तुम्हाला सांगते.

आपली ओळख जेमतेम दीड वर्षाची. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या हिरड्या तपासायच्या, त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर बघायची आणि हिरड्यांवर उपचार केल्यावर ती साखर काही खाली येते का ते पाहायचं, असं आमचं संशोधन. मी हिरड्यांची डॉक्टर. माझ्याकडे फॉर्म होते, हत्यारं होती, वरून मंजुरी होती. नव्हत्या फक्त बायका. पहिले तीन दिवस एकीनंही तोंड उघडलं नाही. मिश्रीनं काळे पडलेले दात पदराआड झाकून त्या माझ्याकडे बघत राहायच्या, आणि मागं यंत्रमाग असे धडधडत असायचे की मी काय विचारतेय ते मलाच ऐकू यायचं नाही.

चौथ्या दिवशी तुम्ही आलात. वीस वर्षं टॉवेलच्या कडा शिवून झालेल्या, आता वस्तीत आरोग्याच्या कामाला फिरणाऱ्या. तुम्ही पाच मिनिटं उभं राहून माझा तमाशा बघितलात आणि माझा हात धरून मला मागच्या गोदामात नेलंत. छतापर्यंत टॉवेलचे गठ्ठे लागलेले. आत पाऊल टाकलं आणि मागांचा आवाज एकदम मेला.

"हितं घाला खुर्ची," तुम्ही म्हणालात. "टावेल आवाज पितोय. आन् तितं समद्यांच्या म्होरं कोण दात दाखवंल ओ? लाज असती का न्हाय?"

तेव्हापासून आपण दोघी. मी खुर्चीतल्या बाईच्या तोंडात मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई घालायची, दात आणि हिरडी यांच्यामधली फट मोजायची आणि आकडा सांगायचा, तुम्ही लिहायचं. एका दाताला सहा ठिकाणी. तीनपर्यंत ठीक. चार आला की तुम्ही वर बघायचात. सात आला की तुमचं पेन क्षणभर थांबायचं. ह्या फटीला आम्ही पॉकेट म्हणतो. तुम्ही बायकांना सांगायचात, "हिरडीला खिसा पडलाय बघ. त्यात घाण साठती. खिसा शिवायचाय आपल्याला." कॉलेजात पाच वर्षं शिकून मला जे सांगता येत नव्हतं ते तुम्ही शिलाईच्या भाषेत एका वाक्यात सांगितलंत. ते वाक्य मी आजही वापरते. तुमचं आहे, असं मात्र कुणाला सांगत नाही. हेही सांगून टाकते.

आपलं भांडण एकच होतं आणि ते संपलं नाही.

एकदा तुम्ही एका पोक्त बाईला म्हणालात, "हिरडीतनं रक्त येतंय म्हंजी उद्या काळजावर येणार बघ." ती बाई गेल्यावर मी तुम्हाला थांबवलं.

"सुमनताई, असं सांगत जाऊ नका."

"कसं?"

"हिरडी खराब म्हणजे हृदय खराब, असं. हे दोन्ही आजार बऱ्याचदा एकत्र आढळतात, एवढंच आपल्याला ठाऊक आहे. संबंध आहे. पण एकामुळंच दुसरा होतो हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही."

तुम्ही फॉर्मची चळत नीट करत होतात. वर न बघताच म्हणालात, "शेजारणीच्या घरातनं गॅसचा वास येतोय, तर गळती कुटं हाय ते सिद्ध होईस्तोवर दार वाजवायचं न्हाय व्हय?"

"दार वाजवा. पण घर पेटलं म्हणून ओरडू नका."

"पेटल्यावर वरडून काय करू, मॅडम?"

त्या दिवशी मी चिडले होते. संशोधनात शब्द जपून वापरावे लागतात, वगैरे बरंच काही बोलले. तुम्ही "बरं बरं" म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगायला लागलात.

आणि बायकांना खुर्चीत बसवायची तुमची युक्ती? एखादी फारच लाजायला लागली की तुम्ही म्हणायचात, "माझं बघ आधी." आणि तिच्यासमोर ओठ खाली ओढायचात. खालचे पुढचे दात लांब झालेले, मुळं उघडी पडलेली, हिरडी जांभळट लाल. तुम्ही बोटानं दाबून दाखवायचात, आणि हिरडीतून पू यायचा. समोरची बाई "अगं बया" म्हणून मागं सरायची. "मी नवव्या वर्षापासनं मिश्री लावतीया. अजून सुटली न्हाय. माझं ऐकू नगं, माझे दात बघ." ती बाई मुकाट खुर्चीत बसायची.

सुमनताई, मी तिथंच उभी असायचे. हातमोजे घालून, तपासणीचा दिवा लावून. दिवसातून चार-पाच वेळा मी तो पू बघत होते. तुमचं तोंड हे आमचं पोस्टर झालं होतं आणि ते चांगलं चाललं होतं.

"एकदा खुर्चीत बसा, साफ करून देते," असं मी तुम्हाला म्हणाले नाही असं नाही. तीन वेळा म्हणाले असेन. तुम्ही म्हणायचात, "बाया संपू द्या, मग माझं." हे उत्तर मला सोयीचं होतं. कामाची मुदत जवळ येत होती. यादीतही तुम्ही बसत नव्हतात. आमच्या सरांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं की संशोधनात काम करणाऱ्यांना त्याच संशोधनात तपासायचं नाही. नियम बरोबरच आहे. पण यादीत नाही म्हणून तुमची साखर बघितली नाही, रक्तदाब घेतला नाही. साखर बघायचं यंत्र माझ्या बॅगेत होतं. तुम्हीच ती बॅग उचलून स्कूटरला अडकवायचात.

तुमचा फॉर्मही भरला गेला नाही. ह्या एका गोष्टीपाशी येऊन मी थांबते. फॉर्मच्या पहिल्याच पानावर एक प्रश्न होता: लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? तो तुम्हीच विचारायचात, प्रत्येकीला. कुणी "व्हय" म्हटलं तर आम्ही तिच्या तोंडात सळई घालत नव्हतो. आधी तिला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवायचो. तसल्या तापानं हृदयाची झडप कायमची खराब झालेली असू शकते. अशा माणसाच्या हिरडीतले जंतू रक्तात गेले तर ते त्या झडपेवर जाऊन बसू शकतात. हा भाग "संबंध आहे की कारण आहे" असल्या वादातला नाहीच. हे पक्कं ठाऊक असलेलं आहे.

गेल्या थंडीत आपण कारखान्यातून परत येत होतो. सिग्नलला स्कूटर थांबली. मागून तुम्ही हसत म्हणालात, "त्यो सांध्याचा प्रश्न माझ्यासाठीच काढलाय बघा. सांगोल्याकडं असताना, मी धा-अकरा वर्षांची असंन, गुडघं असं भोपळ्यावानी सुजलं हुतं. आज हा गुडघा, उद्या त्यो. आई मला पाठीवर घिऊन शेळ्यांमागं जायची. वरीसभर साळा बुडाली."

"हो का?" मी म्हणाले.

सिग्नल सुटला. मी गाडी पुढं घेतली. कुठल्या तरी ट्रकनं कट मारला, मी त्याला शिव्या घातल्या, तुम्ही हसलात. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

नंतर महिन्याभरानं कॉलेजात एक तालीम होती. माझ्या जोडीला एक नवी डॉक्टर आली होती. आम्हा दोघींचं मोजमाप सारखं येतं का ते तपासायचं होतं. एकच तोंड दोघींनी मोजायचं आणि आकडे ताडून बघायचे. तोंड कुणाचं? तुम्ही म्हणालात, "माझं घ्या की. लई खिसे हायत." सगळे हसले. तुम्ही खुर्चीत आडव्या झालात. आधी मी मोजलं, अर्ध्या तासानं तिनं मोजलं. सात, आठ, सात. हिरडीतून रक्त येत होतं. तुम्ही चूळ भरलीत, बेसिन लाल झालं. आमचे आकडे जवळजवळ सगळे जुळले. मी खूश झाले, सुमनताई. मी त्या नव्या मुलीला टाळी दिली. तुम्ही रुमालानं तोंड पुसत विचारलंत, "जमलं का?" आणि मी म्हणाले, "एकदम मस्त जमलं."

तुम्हाला काही विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. ती सिग्नलवरची गोष्ट तर मी साफ विसरले होते. खरंच विसरले होते का? रोज स्वतःला विचारते.

पुढचं सगळं हळूहळू झालं, म्हणून ते दिसलं नाही. आधी तुमचा खालचा एक दात गेला. "हालत हुता, दोरा बांधून काढला घरीच," असं तुम्ही सांगितलंत. मी रागावले, तुम्ही हसलात, आणि ती रिकामी जागासुद्धा बायकांना दाखवायला लागलात. मग ऊन वाढलं. तुमचं लुगडं अंगावर सैल दिसायला लागलं. जिना चढताना तुम्ही मध्ये थांबायला लागलात. एके दिवशी गोदामात गठ्ठ्याला टेकून बसलात आणि म्हणालात, "मॅडम, सांजच्याला रोज कणकण येती बघा. अंग लई मोडून येतंय."

"किती दिवस?"

"झालं असतील धा-पंधरा."

बाहेर सोलापूरचा उन्हाळा पेटला होता. गोदामाचे पत्रे तापले होते. "ऊन लागलं असेल," मी म्हणाले. "ताक प्या भरपूर. दोन दिवस सुट्टी घ्या."

"सुट्टी कशाला? सात बाया ऱ्हायल्यात."

आपण त्या दिवशी त्यातल्या तिघींना तपासलं. तुमच्या कपाळावर हात ठेवून बघितला नाही मी. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात असलेले माझे हात तुमच्या कपाळापर्यंत आले नाहीत. तुम्ही औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून खात राहिलात. गोळी घेतली की ताप उतरायचा, चार दिवसांनी पुन्हा यायचा.

मग एका सकाळी प्रज्ञाचा फोन आला. "मॅडम, आईचं तोंड वाकडं झालंय. उजवा हात उचलंना."

दवाखान्यात पोचले तेव्हा तुम्हाला आत घेतलं होतं. हृदयाचे डॉक्टर बाहेर येऊन माहिती विचारत होते. ताप किती दिवस होता? प्रज्ञाला नक्की सांगता येईना. तुम्ही घरी काही बोलायचाच नाहीत. मी सांगितलं. वजन कमी झालंय का? मी सांगितलं. दाताचं काही केलं होतं का? मी सांगितलं. लहानपणी सांधे सुजले होते का? प्रज्ञा म्हणाली, "न्हाय, तसं काय न्हाय."

"होते," मी म्हणाले. "दहा-अकरा वर्षांच्या असताना. वर्षभर शाळा बुडाली होती."

प्रज्ञा माझ्याकडे बघायला लागली. डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?"

"मी दातांची डॉक्टर."

त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा लिहायला लागले.

तुमच्या हृदयाची सोनोग्राफी मला त्यांनीच दाखवली. झडप जुनीच खराब होती, जाड झालेली. तिच्यावर शेवाळासारखं काहीतरी चिकटलं होतं आणि प्रत्येक ठोक्याला हलत होतं. त्याचाच एक तुकडा सुटून मेंदूत गेला होता. रक्तात जे जंतू वाढले ते तोंडात राहणारे निघाले. साखरही खूप वाढलेली होती. ती तुम्हाला कधीपासून आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

मी डॉक्टरांना विचारलं, "आमच्या मोजण्यामुळं झालं असेल?" ते चांगले गृहस्थ. म्हणाले, "कसं सांगणार? अशा हिरड्या असताना रोज भाकरी चावली, मिश्री घासली, तरी जंतू रक्तात जातात. दातही घरी उपटलेला. आता नेमकं कशानं ते सिद्ध करता येणार नाही."

सिद्ध करता येणार नाही. माझंच वाक्य. ह्या वाक्याच्या आड मला जन्मभर सुखानं राहता येईल, सुमनताई, आणि मला त्याचीच भीती वाटते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, दार तरी वाजवायचं हुतं की.

चौथ्या दिवशी तुम्हाला थोडं बोलता यायला लागलं. मी शेजारी बसले होते. तुमच्या डाव्या हातानं तुम्ही माझं मनगट धरलंत. मला वाटलं आता तुम्ही विचारणार. तुम्ही बऱ्याच कष्टानं एकेक शब्द जोडलात, "बाया... किती... ऱ्हायल्या?"

"चार," मी म्हणाले.

तुम्ही डोळे मिटलेत. तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, प्रज्ञा खाली औषधं आणायला गेली होती. मी तोंड उघडलंही होतं. मग नर्स आली. आणि त्यानंतर तुम्ही शुद्धीवर होतात असं मला म्हणता येणार नाही. आठव्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

प्रज्ञाला मी कालच सगळं सांगितलं. तुमच्या घरी, तुमच्या फोटोसमोर बसून. सिग्नलवरची गोष्ट, तालमीचा दिवस, ताक. ती रडली नाही. मग म्हणाली, "आई तुमच्यावर रागावली नसती. मी रागावलीय." आणि चहा टाकायला उठली. तिनं चहा दिला, मी प्यायले. याहून जास्त मला काही मिळायला नको होतं.

आज सकाळी कारखान्यात गेले. मालकांनी दहा मिनिटं माग बंद केले. इतकी शांतता त्या शेडमध्ये मी कधी ऐकली नव्हती. बायका येऊन उभ्या राहिल्या. तुम्हाला काय झालं होतं हे त्यांना नीट माहीत नव्हतं. लकवा मारला एवढंच कानावर गेलेलं. मी सांगितलं. झडप, ताप, हिरडीतले जंतू, सगळं. तुमच्या शब्दांत सांगितलं, खिसा म्हणूनच. आणि हेही सांगितलं की सुमनताईंचं तोंड मी दीड वर्ष रोज बघत होते, एकदा मोजलंही, पण त्यांना कधी हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं नाही.

गंगव्वा पुढं उभ्या होत्या. राहिलेल्या चौघींतल्या एक. त्यांनी विचारलं, "सुमन कुणाला काय बोलली न्हाय व्हय? ताप येतोय म्हणून?"

"बोलल्या होत्या," मी म्हणाले. "मला."

मागून एक बाई तशीच चालती झाली. तिच्यामागं आणखी दोघी. मी त्यांना थांबवलं नाही. गंगव्वा माझ्या बॅगेकडे बघत होत्या.

"मग आता आमचं ऐकणार का, का नुस्तं मोजणार?"

मी बॅग खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर फरशीवर बसले. माग पुन्हा सुरू झाले, तशा आम्ही दोघी गोदामात गेलो. गंगव्वा अर्धा तास बोलल्या, लहानपणी सुजलेल्या सांध्यांबद्दलही. त्यांचं बोलून झाल्यावर मी त्यांच्या तोंडात सळई घातली नाही. त्यांना स्कूटरवर बसवलं आणि थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. सोनोग्राफी झाली. पडद्याकडे बघताना डॉक्टरांनी मध्येच एकदा मशीन थांबवलं, माझ्याकडे वळून बघितलं आणि पुन्हा सुरू केलं.

रिपोर्ट उद्या मिळणार आहे.